टापा, तुरे आणि तोडे: आपसातल्या लढायांतल्या घोडेस्वारांच्या १४ गोष्टी

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालं की वाटेत करकंब लागतं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना हिरवी रानं. आज इथं घोडा दिसलाच तर तो बहुधा नवरदेवाचा. पण १८१८ सालच्या फेब्रुवारीत एका रात्री याच गावाजवळ हजारो टापा वाजल्या आणि दुसऱ्या दिवशी मराठी राज्याचा शेवटचा मोठा घोडेस्वार पडला.

पंढरपूरच्या आसपासचा हा मुलूख वारीसाठी सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथं आणि साऱ्या महाराष्ट्रात आपलीच माणसं आपल्याच माणसांवर घोडी घालून धावली, हेही खरंच आहे. काका पुतण्याच्या घरावर, सरदार सरदारावर, गादी गादीवर. अशा लढाईत पराक्रम करणाऱ्याला काय मिळायचं? छातीवर लावायचं पदक तेव्हा नव्हतं. किताब होते, सोन्याचे तोडे होते, गावं होती. कुणाला त्यातलं सगळं मिळालं, कुणाला काहीच नाही. त्यांच्याच या गोष्टी.

१. यादवी हा शब्दच मुळी एका घरातला

देशातल्या देशात पेटलेल्या लढाईला मराठीत 'यादवी' म्हणतात. हा शब्द महाभारताच्या मौसल पर्वातून आला. प्रभासक्षेत्री श्रीकृष्णाचे यादव आपसात भांडले आणि हाताला आलेलं लव्हाळं उपटून एकमेकांना मारत सुटले. शापामुळं त्या लव्हाळ्याचं मुसळ झालं आणि कुळ संपलं. म्हणजे या शब्दाच्या पोटातच शत्रू परका नाही, घरचा आहे. पंढरीचा विठ्ठल म्हणजे कृष्णच असं मानणाऱ्या वारकऱ्याला ही कथा सांगावी लागत नाही. त्याच्या देवाच्या घरीच ती घडली आहे.

२. पंढरीजवळची काका-पुतण्याची लढाई

पंढरपूरच्या दक्षिणेला कासेगाव आहे, द्राक्षबागांचं गाव. २६ मार्च १७७४ या दिवशी इथं मराठी फौज मराठी फौजेशीच लढली.

झालं होतं असं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे काका रघुनाथराव पेशवे झाले. नाना फडणीस, सखारामबापू, त्रिंबकरावमामा पेठे या कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध एकी केली. हेच बारभाईंचं कारस्थान. मामा फौज घेऊन रघुनाथरावांच्या मागावर निघाले. हरिपंत फडके मागून येत होते. पण ते येऊन मिळायच्या आतच कासेगावला गाठ पडली. रघुनाथरावांच्या घोडदळानं झडप घातली, मामा जबर जखमी होऊन हाती सापडले आणि त्याच जखमांनी गेले.

मामा लेचेपेचे नव्हते. तीनच वर्षांपूर्वी, मार्च १७७१ मध्ये, त्यांनी मोती तलावाच्या लढाईत हैदरअलीची फौज उधळली होती. आणि समोरचे रघुनाथराव म्हणजे ज्यांच्या मोहिमेत मराठी घोडी अटकेपर्यंत दौडली तेच. हैदरला हरवणारा आणि अटक गाजवणारा, दोघंही एकाच घराचे. पेठे हे चिमाजीअप्पांच्या पत्नी रखमाबाईंचं माहेर, म्हणून तर त्रिंबकरावांना सगळे 'मामा' म्हणायचे.

३. लढाई जिंकली, गादी गेली

कासेगाव जिंकूनही रघुनाथराव पुण्यावर गेले नाहीत, उत्तरेकडे वळले. लढाईनंतर २३ दिवसांनी, १८ एप्रिल १७७४ रोजी, पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई प्रसूत झाल्या. मुलगा झाला आणि तोच सवाई माधवराव. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावानं पेशवाईची वस्त्रं आली आणि रघुनाथरावांचा दावाच संपला. मामांचा जीव ज्या घरासाठी गेला, ते घर पाळण्यातल्या पोरानं राखलं.

४. समशेर बहादूर: हरलेल्या लढाईचा किताब

यादवीत गाजवलेल्या शौर्याबद्दल घोडेस्वाराला मिळालेला मान म्हटला की पहिलं नाव दमाजी गायकवाडांचं घ्यायला हवं.

साल १७२०. दिल्लीत मुघलांचीच यादवी पेटली होती. बादशहा नाचवणारे सय्यद बंधू एका बाजूला, निजामुल्मुल्क दुसऱ्या बाजूला. दख्खनेत सय्यदांचा कारभार त्यांचा तरुण पुतण्या आलमअली खान पाहत होता. वर्षभरापूर्वीच सय्यदांच्या मदतीनं बाळाजी विश्वनाथ चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले होते. त्यामुळं शाहू महाराजांची फौज आलमअलीच्या बाजूनं उतरली. सेनापती होते खंडेराव दाभाडे आणि त्यांच्या पथकात होते दमाजी गायकवाड.

ऐन पावसाळ्यात, अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरजवळ दोन्ही फौजा भिडल्या. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचं, मिर्झाराजे जयसिंगाच्या छत्रीचं हे गाव. आलमअली लढता लढता पडला आणि निजाम जिंकला. मराठे ज्या बाजूनं लढले ती बाजू हरली. पण त्या पराभवातही दमाजींची तलवार सगळ्यांच्या नजरेत भरली. खंडेरावांनी शाहू महाराजांकडे त्यांची शिफारस केली आणि दमाजींना किताब मिळाला, 'समशेर बहादूर'.

विजयाच्या आनंदात बक्षिसं कोणीही वाटतो. हरून आलेल्या फौजेतला एक स्वार वेगळा काढून त्याच्या हिमतीला नाव देणं, ही शाहू महाराजांची दानत होती.

५. किताब मोठा, धनी अल्पायुषी

दमाजींना हा किताब फार दिवस मिरवता आला नाही. पुढच्याच वर्षी ते वारले. पुतणे पिलाजी त्यांच्या जागी आले आणि गुजरातेत सोनगडावर पाय रोवून त्यांनी राज्य उभारलं. बडोद्याचं राज्य ते हेच. 'समशेर बहादूर' हा किताब घराण्याकडं राहिला. पुढं त्याला 'सेनाखासखेल' जोडलं गेलं आणि बडोद्याचे सगळे राजे 'सेनाखासखेल समशेर बहादूर' म्हणून ओळखले गेले.

१८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा गोपाळ नावाचा मुलगा बडोद्याला दत्तक गेला. तेच महाराज सयाजीराव तिसरे. बाळापूरच्या चिखलात एका स्वारानं कमावलेला मान १५५ वर्षांनी या मुलाच्या नावामागं लागला. त्यानं तो तलवारीनं नाही, सक्तीच्या मोफत शिक्षणानं आणि ग्रंथालयांनी उजळवला.

जाता जाता: बाजीराव आणि मस्तानी यांच्या मुलाचंही नाव समशेरबहादूर. ते मात्र नावच, किताब नव्हे. तो १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन गेला.

६. एका ताटातला घास

शाहू महाराज मे १७०७ मध्ये मुघलांच्या कैदेतून सुटले, तेही एका यादवीमुळंच. औरंगजेब मेला आणि त्याची मुलं तख्तासाठी एकमेकांवर निघाली. आझमशहानं उत्तरेकडं जाता जाता शाहूंना सोडलं. पण साताऱ्याला ताराबाईंचा पुत्र गादीवर होता, आणि परत आलेला हा शाहू तोतया आहे असा बोभाटा झाला. सतरा वर्षांहून जास्त काळ कैदेत राहिलेल्या माणसाला ओळखणार तरी कोण?

परसोजी भोसल्यांनी यावर साधा उपाय केला. त्यांनी सगळ्यांसमक्ष शाहूंच्या ताटात बसून जेवण केलं. त्या काळात एका ताटात जेवणं म्हणजे रक्ताच्या नात्याची साक्ष. कागद, मोहोर, पंचनामा यांपेक्षा तो घास भारी ठरला. परसोजींना 'सेनासाहेब सुभा' हा किताब मिळाला आणि पुढं नागपूरकर भोसल्यांची तीच ओळख झाली.

७. मैदानात उतरून न लढलेला सेनापती

१२ ऑक्टोबर १७०७, भीमेकाठचं खेड. एका बाजूला शाहू, दुसऱ्या बाजूला ताराबाईंची फौज आणि तिचे सेनापती धनाजी जाधव. मुघल घोडी ज्यांच्या नावानं पाण्याला बुजतात अशी ज्यांची ख्याती, ते धनाजी. पण लढाई तोंडावर आली आणि धनाजी लढलेच नाहीत. शाहू खरे आहेत याची खंडो बल्लाळांकरवी खात्री पटली होती. ताराबाईंचे प्रतिनिधी परशुरामपंत साताऱ्याकडं मागं हटले. धनाजींचं सेनापतिपद शाहूंनी कायम ठेवलं.

आपसातल्या लढाईत कधी कधी म्यानातली तलवार जास्त जीव वाचवते. खेडनं ते दाखवलं.

८. पारदचं मूल, अक्कलकोटचा राजा

ही गोष्ट थेट सोलापूर जिल्ह्याची. साताऱ्याकडं येताना शाहूंची फौज पारद नावाच्या गावाशी अडली. पाटील सयाजी लोखंडे ताराबाईंच्या बाजूचे होते. त्यांनी गढीवरून तोंड दिलं आणि ते लढाईत मारले गेले. तेव्हा त्यांच्या पत्नीनं आपलं तान्हं मूल आणून शाहूंच्या पायावर घातलं.

शाहूंनी ते मूल उचललं, आपलं मानलं. फत्ते झाल्यावर मिळालं म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंग, आडनाव दिलं स्वतःचं, भोसले. तेच अक्कलकोट संस्थानाचे मूळपुरुष. पुढं त्यांनी रघुजी भोसल्यांबरोबर कर्नाटकाची मोहीम केली आणि १७४१ मध्ये त्रिचनापल्ली सर झाली. स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटला जाणाऱ्या कितीजणांना माहीत असेल, की ही राजगादी यादवीत बाप गमावलेल्या शत्रूच्या लेकरापासून सुरू झाली?

९. एप्रिल १७३१: एक लढाई, एक तह

१ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईजवळ पहिले बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर आले. दोघंही शाहूंचेच. त्रिंबकराव हत्तीवरून बाण सोडत शेवटपर्यंत उभे होते. गोळी लागून ते पडले. याच लढाईत दाभाड्यांच्या बाजूनं लढताना पिलाजी गायकवाडांचा मुलगाही कामी आला.

बारा दिवसांनी, १३ एप्रिलला, साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या चुलतभावांमध्ये वारणेचा तह झाला आणि २४ वर्षांची भाऊबंदकी मिटली. एकाच महिन्यात मराठ्यांनी भावाला मारलंही आणि भावाला जवळही केलं.

डभईनंतर शाहू महाराज त्रिंबकरावांच्या मातोश्री उमाबाईंचं सांत्वन करायला गेले. सेनापतिपद त्यांच्याच घरात ठेवलं. उमाबाईही खचून बसल्या नाहीत. त्यांनी स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर स्वारी केली. त्या पराक्रमाबद्दल महाराजांनी त्यांना पायात घालायला सोन्याचे तोडे दिले, अशी आठवण तळेगाव दाभाडे अजून अभिमानानं सांगतं.

१०. सोन्याचे कळस कापणारे हात

१६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण थेट औरंगजेबाच्या छावणीत घुसले आणि बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून घेऊन आले. राजाराम महाराजांनी विठोजींना 'हिंमतबहाद्दर' केलं. संताजी 'मामलकतमदार' झाले. त्यांचे भाऊ बहिर्जी 'हिंदुराव' आणि मालोजी 'अमीर-उल-उमराव'. एका छाप्यात चार किताब!

पण पुढं संताजी आणि धनाजी यांच्यात वितुष्ट आलं. दोन वाघ एकमेकांवर उठले. १६९७ मध्ये, फौजेनं साथ सोडलेली असताना, शंभू महादेवाच्या डोंगराकडं संताजींना नागोजी मान्यांनी गाठून मारलं. नागोजी म्हसवडचे. त्यांच्या मेहुण्याला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं, त्याचा हा सूड. औरंगजेबाला जमलं नाही ते घरच्या वैरानं करून दाखवलं.

११. दिवाळीतला दारूगोळा

२५ ऑक्टोबर १८०२. ऐन दिवाळी. पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकर एका बाजूला, शिंदे आणि पेशवे दुसऱ्या बाजूला. आदल्या वर्षी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. हडपसरला होळकरांची फळी डगमगू लागली, तेव्हा एका डोळ्यानं अधू असलेले यशवंतराव स्वतः घोडदळाच्या तोंडाशी गेले आणि लढाई फिरवली.

घोडेस्वार म्हणून ते अजोड होते. पण या विजयाचं फळ कडू निघालं. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांच्या कवायती पलटणी पेशव्यांच्या मुलखात कायमच्या आल्या. हडपसरला जे हरले ते हरलेच आणि जे जिंकले त्यांच्याही हातून राज्य निसटायला तिथूनच सुरुवात झाली.

१२. करकंबची रात्र, आष्टीची सकाळ

आता सुरुवातीच्या त्या रात्रीकडे. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं जाहीरनामा काढला: पेशव्यांचं राज्य संपलं, छत्रपतींना मात्र स्वतंत्र राज्य मिळेल. चाल धूर्त होती. छत्रपती प्रतापसिंह त्या वेळी बाजीरावांच्याच छावणीत, त्यांच्या ताब्यात होते. इमान कुणाशी राखायचं, धन्याशी की धन्याच्या धन्याशी, हा पेच प्रत्येक मराठी सरदारापुढं आला.

१९ फेब्रुवारीला इंग्रजांचा जनरल स्मिथ वेळापूरला होता. आज माउलींची पालखी जिथं मुक्कामाला उतरते तेच वेळापूर. पेशवे सोलापूरहून पंढरपूरकडं येत असल्याची खबर तिथं आली. स्मिथनं गोरे ड्रॅगून, मद्रासचं घोडदळ आणि देशी स्वार घेतले, भीमा ओलांडली आणि रातोरात करकंब गाठलं. पेशवे आष्टीला आहेत हे तिथं कळलं. फौज पूर्वेकडं वळली.

२० फेब्रुवारीच्या सकाळी आष्टीला गाठ पडली. तोफा लांब होत्या, तयारी नव्हती. बाजीराव पालखी सोडून घोड्यावर बसले आणि निघून गेले. मागं उभे राहिले सेनापती बापू गोखले, निवडक स्वारांसह. त्यांनी थेट इंग्रजी घोडदळावर घोडी घातली. स्मिथच्या डोक्यावर तलवारीचा वार बसला. गोखले लढता लढता पडले. त्यांच्याबरोबर गोविंदराव घोरपडे आणि आनंदराव बाबरही कामी आले.

इंग्रजांच्या हाती १२ हत्ती आणि ५७ उंट लागले. त्याहून मोठं म्हणजे छत्रपती प्रतापसिंह त्यांच्याकडं गेले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं गेलं आणि त्यांच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आला कॅप्टन ग्रँट डफ. त्यानंच १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. म्हणजे बापू गोखल्यांच्या मरणाची सविस्तर हकिगत जगानं वाचली ती शत्रूच्या लेखणीतून, आणि त्या शत्रूनंही त्यांच्या शौर्याला नावं ठेवली नाहीत.

गोखल्यांना किताब द्यायला आता पेशवाच उरला नव्हता. धनी निघून गेल्यावरही जो जागा सोडत नाही, त्याचा मान लोकांनीच ठेवायचा असतो.

१३. घोडा कुणाचा, पदक कुणाचं?

घोडदळातली थोडी झटपट माहिती:

• ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो बारगीर. जो स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा पडला की त्याचं अर्धं घर पडायचं.

• सभासदानं शिवकाळाचा हिशेब लिहून ठेवला आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमल्यांवर एक हजारी, ५ हजारींवर एक पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. दर २५ घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांच्याशिवाय पराक्रम होत नाही, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

• लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी पेशवाईत नेमणूक बांधून दिली जायची. तिला 'बालपरवेशी' म्हणत. किती सुंदर शब्द! किताब मेलेल्याला, भाकरी मागं राहिलेल्यांना.

• सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी झाली. तिथलं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, याच युद्धात जन्मलं. सहाव्या मिशिगन घोडदळातल्या टॉम कस्टरनं एप्रिल १८६५ मध्ये चार दिवसांच्या आत दोनदा शत्रूचं निशाण हिसकावलं आणि दोन पदकं मिळवली. दुसऱ्या वेळी त्याच्या गालातून गोळी आरपार गेली होती. आपल्याकडं जरीपटक्यासाठी जीव द्यायचे, तिथंही तेच.

• पण पदकंही घाऊक वाटली गेली. मेन राज्याच्या एकाच पलटणीला ८६४ मिळाली! १९१७ मध्ये फेरतपासणी झाली आणि ९११ नावं यादीतून वगळली गेली. दमाजींचा 'समशेर बहादूर' मात्र कुणी परत मागितला नाही.

• मराठी जिभेवर घोडा अजून जिवंत आहे: घोडामैदान जवळ येतं, वरातीमागून घोडं निघतं, कुणाचं घोडं पेंड खातं. आणि सरनोबत, हवालदार, पागनीस ही तर माणसांची आडनावंच होऊन बसली.

१४. रिंगणातला घोडा

या लढायांना घोडी पुरवणारी भीमेची खोरी आजही घोड्याला विसरलेली नाहीत. भीमथडीचं तट्टू दिसायला लहान, पण काटक, कमी दाणावैरणीवर डोंगरदऱ्या तुडवणारं. आता त्याची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. करकंबपासून जवळच अकलूजला दिवाळीच्या सुमाराला घोडेबाजार भरतो.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट वारीची. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते आरफळच्या हैबतबाबांनी. हे मूळचे शिंद्यांच्या फौजेतले सरदार. दिंड्यांचा क्रम, रथापुढं आणि रथामागं चालायची जागा, चोपदाराचा हुकूम, कूच करताना वाजणारी तुतारी, ही सगळी शिस्त लष्करी. ज्यानं फौजा चालवल्या त्यानं भक्तांची फौज चालवली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व आजही आळंदीला येतात. एकावर निशाण घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं. ती जागा माउलींची.

दरवर्षी आषाढात हे अश्व वेळापूरवरून, वाखरीच्या बाजीराव विहिरीजवळच्या रिंगणावरून पंढरीला येतात. ज्या वेळापूरहून एक फौज रात्री करकंबकडं निघाली होती, त्याच वेळापुरात हजारो हात घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

म्हणून करकंबकरांना आणि पंढरीच्या वाटेवरच्या सगळ्यांना एकच विनंती. आष्टी आणि कासेगाव ही नावं मुलांना सांगा. शाळेच्या भिंतीवर २६ मार्च १७७४ आणि २० फेब्रुवारी १८१८ या दोन तारखा लिहा. त्रिंबकमामांचं आणि बापू गोखल्यांचं नाव लिहा. आणि त्यांच्याखाली एक ओळ नक्की लिहा: इथं पडलेले सगळे, दोन्ही बाजूंचे मराठी स्वार, आपलेच होते.